नळीवर बाईचं नाव होतं

मंगळवार पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण सवय जात नाही. घरी पाहुणा आला आणि त्याने चहाच्या कपाकडे हात नेला, की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खोबणीत जाते. शीर बरी दिसतेय का बघायला. सून म्हणते, "अम्मी, लोक घाबरतात."

माझं नाव शमीम. पेशंट मला शमीमबाई म्हणत, रागावले की नुसतं 'ओ बाई'. आमच्यात दारू हराम. आमच्या घरात बाटलीचं बूचसुद्धा कधी आलं नाही, आणि मी मात्र निम्मं आयुष्य दारूचा माग काढत घालवलं. कोल्हापुरात बायोकेमिस्ट्रीच्या यंत्रावर बसलं की हे चुकत नाही. साखर, थायरॉइड आणि त्याच्या मागोमाग लिव्हर.

एक सकाळ सांगते. त्या दिवशी माझ्यासमोर लागोपाठ दोन पेशंट बसले. पहिले मुरगूडचे बापूसो. बियाणं-खताचं दुकान, अंगाने दणकट, आवाज रस्त्यापलीकडे जाईल असा. बायकोने हट्ट धरून तपासणीला आणलेलं. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "बाई, आज रिपोर्ट एकदम झ्याक येणार बगा."

"का हो?"

"चार दिस झालं, थेंबाला शिवलो न्हाय. सकाळ-सांच्याला ताक पितोय. लिव्हर धुतल्यागत झालं आसंल की!"

मी हाताला रबरी पट्टा बांधत म्हटलं, "चार दिवसांनी काय होतंय पावणं? रक्तातली लाल पेशी तीन-चार महिने जगते. ती तयार झाली तेव्हा तुम्ही काय पीत होता, ते तिच्या अंगावर आहे."

बापूसो बायकोकडे बघून मला म्हणाले, "तुमी मुसलमान मान्सं. तुमास्नी दारूतलं काय कळतंय वो?"

"पिण्यातलं नाही कळत. पिणाऱ्यातलं कळतं."

त्यांची बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली, की सुई टोचलेली बापूसोंना कळलीच नाही.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगते. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्या आतली दोन द्रव्यं रक्तात सांडतात, त्यांना आम्ही एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणतो. पाण्यातून होणाऱ्या साध्या काविळीत ही दोन्ही हजाराच्या घरात उडी मारतात आणि दुसरं बहुतेक पहिल्याच्या वर असतं. दारूने पोखरलेल्या यकृताचं तसं नसतं. आकडे शंभर-दोनशेच्या आसपासच घोटाळतात, पण पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. जीजीटी म्हणून आणखी एक तपासणी आहे, ती कित्येक पट वाढलेली दिसते. आणि लाल पेशी फुगतात. यातल्या एकट्या कशावरूनही 'दारू' म्हणता येत नाही. ब जीवनसत्त्व कमी असलं तरी पेशी फुगतात, पित्ताच्या वाटेत खडा अडकला तरी जीजीटी चढतं. पण सगळी एकदम, एकाच माणसाच्या रक्तात आली, की बसल्या जागी कळतं. बाकी निदान डॉक्टरांचं. आम्ही फक्त आकडा बरोबर द्यायचा.

बापूसो उठले आणि त्याच खुर्चीत लता बसली.

लता हे तिचं खरं नाव नव्हे. हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. तिने एकच अट घातली, "नाव बदला, बाकी काय बी लपवू नगासा." उचगावची, वय एक्केचाळीस, घरी ब्लाऊज शिवायची. नवरा सदाशिव एका फाउंड्रीत कामाला. तोच तिला धरून आत घेऊन आला. डोळे हळदीसारखे पिवळे. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र पुढे आलेलं. पावलं इतकी सुजलेली, की चपलेचा अंगठा मांसात रुतला होता.

सदाशिवने फाइल माझ्यापुढे ठेवली. दोन महिन्यांची कथा तीत होती. आधी गावातल्या एकाकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध. मग गळ्यात काविळीची माळ. मग पथ्य म्हणून नुसता फिका भात आणि उसाचा रस. शेवटी शहरात डॉ. सरनाईकांकडे. ते जुने फिजिशियन, हुशार आणि नेटके. त्यांनी काविळीच्या सगळ्या विषाणूंच्या तपासण्या केल्या होत्या, एकही सापडला नव्हता.

"आता काय म्हणतात डॉक्टर?" मी विचारलं.

"अंगातलीच ताकद लिव्हरवर उलटलीया म्हंत्यात. बायकांस्नी हुतं म्हणं तसं. आज हे रिपोर्ट आलं की म्होरं पुन्याला न्यायचं. सुईनं लिव्हरचा तुकडा काडून बगत्यात." सदाशिवचा आवाज खाली गेला. "बाई, त्यात काय धोका न्हाय न्हवं?"

लताच्या हातावर सुई टोचल्याजागी मी कापूस दाबून धरला होता. नेहमी दोन मिनिटांत रक्त थांबतं. तिचं सहा मिनिटं झाली तरी झिरपत होतं. यकृत थकलं की रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करायला त्याला जमत नाही. असल्या बाईच्या पोटात सुई घालायची म्हणजे काय, हे मला कळत होतं.

दुपारी यंत्रातून आकडे आले. लाल पेशींच्या तपासणीला जांभळ्या टोपणाची नळी लागते. बापूसोंच्या नळीतल्या पेशी थोड्याच फुगलेल्या निघाल्या, माझ्या अपेक्षेहून कमी. लताच्या नळीतल्या त्याहून फुगलेल्या. इतक्या, की असल्या पेशी मी फक्त वर्षानुवर्षं पिणाऱ्या पुरुषांच्या रक्तात पाहिल्या होत्या.

मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. लागोपाठचे दोन पेशंट, बापूसोंच्या गप्पांत माझं लक्ष उडालं आणि चिठ्ठ्या उलट्या चिकटल्या. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मी लाल टोपणाच्या नळीतून निघालेलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, बघितलं. ते पिवळंजर्द, म्हणजे ते लताचंच, त्यात शंका नव्हती. आणि त्यातही एसजीओटी एकशे शहाऐंशी, एसजीपीटी चौऱ्याहत्तर. जीजीटी तर पाचशेच्या वर. म्हणजे सगळी लक्षणं डोळ्यासमोर एका रांगेत उभी होती. तरी माझ्या मनात ते येईना. नळीवर बाईचं नाव होतं ना! पदर डोक्यावर घेतलेली, उचगावची, ब्लाऊज शिवणारी बाई. मी स्वतःशी कारणं जुळवत बसले. काविळीत जीजीटी वाढतंच. जांभळी नळी बदलली असेल. यंत्र बिघडलं असेल.

शेवटी एक साधा उपाय सुचला. लताच्या फाइलमध्ये तिच्या बाळंतपणाच्या वेळचा रक्तगटाचा कागद होता, एबी पॉझिटिव्ह. आमच्याकडे एबीवाले तसे थोडेच. मी दोन्ही जांभळ्या नळ्यांतला थेंब थेंब काचपट्टीवर घेऊन गट तपासला. बापूसो ओ. लता एबी.

नळी बरोबर होती. चूक माझ्या डोक्यात होती.

आमचे पॅथॉलॉजिस्ट साहेब म्हणाले, "शंका आहे ना? मग उद्या नवीन नमुना घ्या. घरी जाऊन घ्या, बाईला पुन्हा इथवर ओढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून उचगावला गेले. सदाशिव कामाला गेला होता. घरी लता आणि तिची सासू. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला रंगीत दोऱ्यांची रिळं ओळीने टांगलेली. एवढी आजारी असून लता मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी लग्नातला ब्लाऊज राहिला होता.

"बाई, जरा बसा. एवढा दोरा ओवते आणि येते," ती म्हणाली.

मी बसले आणि बघत राहिले. ती दोरा ओवत होती आणि ओवला जात नव्हता. हात लटलट कापत होता. दोऱ्याचं टोक सुईच्या डाव्या अंगाला जाई, उजव्या अंगाला जाई. चारदा, पाचदा. वीस वर्षं ब्लाऊज शिवणारी बाई. मग ती उठली, "पानी घिऊन येते," म्हणत आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. पाच-सात मिनिटांनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली, परत मशीनवर बसली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला.

तोंडात लवंग होती. मला वास आला तो फक्त लवंगेचा.

मी तिचा हात हातात घेतला. तळहात कडेकडेने लालबुंद. गळ्याखाली, ब्लाऊजच्या वर, बारीक लाल शिरांचे कोळ्यासारखे दोन-तीन ठिपके. बोटाने दाबलं की नाहीसे होत, सोडलं की मधून पाय पसरत परत येत. सरनाईक डॉक्टर हे ठिपके शिकाऊ डॉक्टरांना दाखवत तेव्हा मी पाहिले होते. दाखवायला नेहमी पुरुषच असत.

रक्त घेतलं, सासूने दिलेला चहा प्यायले, काही न बोलता निघाले. सासूसमोर काय बोलणार? शिवाय माझं काम नळी भरण्याचं. पण लॅबमध्ये पोचेपर्यंत मला चैन पडेना. नवीन नमुन्याचे आकडे कालच्यासारखेच आले. साहेबांना विचारून मी सरळ डॉ. सरनाईकांना फोन लावला.

"डॉक्टर, उचगावच्या पेशंटचे आकडे आलेत. दोनदा तपासले. मला ते दारूचे वाटतायत."

"शमीमबाई, मी विचारलंय तिला. नाही म्हणाली."

"कुणासमोर विचारलंत?"

"नवरा होता. सासू होती."

"आणि कसं विचारलंत?"

"'दारूबिरू काही घेत नाही ना?' असं." आणि लगेच म्हणाले, "तिच्या वतीने उत्तर मीच दिलं की मग. चूक माझी. पुण्याची चिठ्ठी थांबवतो. उद्या तिला बोलावतो. तुम्हीही या, खोलीत एखादी बाई असलेली बरी."

डॉक्टर लोक चूक इतक्या चटकन कबूल करताना मी फार पाहिले नाहीत. सरनाईकांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सदाशिवला सोनोग्राफीची वेळ घ्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. खोलीत आम्ही तिघंच. डॉक्टरांनी तिचे तळहात बघितले, ठिपके बघितले, पोटावर बोटं आपटून पाणी कुठवर आहे ते पाहिलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून, जेवणखाण विचारावं तशा आवाजात म्हणाले, "लताताई, दिवसाला किती लागते?"

'घेता का' असं विचारलं नाही. 'किती' विचारलं. मी एका कोपऱ्यात उभी होते.

लताने आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. पण जड पाटी डोक्यावरून कुणी उतरवून घ्यावी, तशी ती खांद्यातून सैल झाली.

"एक क्वार्टर पुरायची आदी," ती म्हणाली. "आता दोन लागत्यात. सकाळी घेतली न्हाय तर हात चालत न्हाईत."

नऊ वर्षांपूर्वी तिला मूल झालं होतं. दिवस भरायच्या आधीच. बाळंतिणीच्या अंगात थंडी भरू नये म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत दोन चमचे ब्रँडी देतात, तशी तिलाही दिली. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. ब्रँडी कपाटातच राहिली. त्या दोन चमच्यांनी झोप लागते, हे तिला कळलं होतं. बाटली संपल्यावर तिने दुसरी आणली. अस्तर, दोरा, हुक आणायला ती दर आठवड्याला शहरात यायचीच. घरी अस्तराच्या गठ्ठ्यात बाटली ठेवायची. गठ्ठ्याला हात लावणारं घरात दुसरं कोण होतं?

"कुनी विचारलंच न्हाय," ती म्हणाली. "एवडी कावीळ झाली, एवडं डाक्टर केलं. सगळ्यांनी माज्या नवऱ्याला विचारलं, तुमी पिता का म्हनून. मला 'घेत न्हाय न्हवं?' याच्या म्होरं कुनीच न्हाय."

हे ऐकताना मला माझाच एक कागद आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वीचा. एका शाळेतल्या शिक्षिकेचं रक्त आलं होतं. अशाच फुगलेल्या पेशी, असेच दुप्पट आकडे. मी रिपोर्टवर लिहिलं होतं, 'नमुन्याबद्दल शंका, पुन्हा पाठवावा.' नमुना पुन्हा आला नाही. काही महिन्यांनी त्या बाई रक्ताच्या उलटीने गेल्याचं ऐकलं, हळहळले आणि विसरले. त्या नमुन्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ते दुखणं अजून आहे, निवृत्त होऊनही गेलेलं नाही.

डॉक्टर लताला म्हणाले, "आता नीट ऐका. आज घरी जाऊन एकदम बंद करायची नाही. इतकी सवय असताना एकाएकी सोडली तर झटके येतात, जीव जाऊ शकतो. आजच दाखल व्हा, आमच्या देखत सोडू."

"मी वाचीन?"

"यकृत गाठीगाठीचं झालंय असं माझ्या हाताला लागतंय. ते पूर्वीसारखं होणार नाही. पण जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर माणूस जगतं. सोडलीत तर वाचाल. नाही सोडलीत तर पुढची दिवाळी मी सांगू शकत नाही."

ती म्हणाली, "घरात कोन सांगनार?" मग तिनेच उत्तर दिलं. "मीच सांगते. तुमी दोगं हितंच ऱ्हावा."

सदाशिव वेळेची चिठ्ठी घेऊन आत आला. लताने त्याला सांगितलं. आडवळण न घेता, तीन वाक्यांत. तो आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे बघायला लागला, जणू आम्ही तिला हे पढवलं होतं.

"कोन? तू?" तो म्हणाला. "नऊ वरसं? आन् मला वास कसा आला न्हाय?"

"ऐतवारी तुमीच पिऊन येता. बाकीच्या दिशी लवंग हुती."

त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. लता हलली नाही. मला वाटलं, संपलं. दुखण्यापेक्षा हे माणूस जाणं हिला आधी मारील.

लताला दाखल केलं. संध्याकाळी मी घरी जाताना वॉर्डात डोकावले, तर कॉटशेजारी सदाशिव उभा आणि स्टुलावर त्याची म्हातारी आई. तो सरळ उचगावला जाऊन आईला घेऊन आला होता. का, तर घरातल्या मोठ्या माणसाने हिला चार शब्द सुनवावेत म्हणून. ते त्याने मला नंतर स्वतः सांगितलं.

म्हातारीने सुनेकडे खूप वेळ पाहिलं. मग लेकाकडे वळून म्हणाली, "हिला काय बोलू? पयली बाटली म्या आनलीती. चमच्यानं म्याच पाजलीती. लेकरू गेल्यावर ही आत कशी रातीचा दिस करतीया, ते बगाया म्या कवा गेलतो?" आणि तिने लताचे सुजलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेतले.

सदाशिव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी लताला भिंतीवरून रंगीत रिळं गडगडत अंगावर येताना दिसायला लागली. लता ती झेलायला बघायची, कॉटवरून उतरायला बघायची. घाम, थरथर, नाडी धावतेय. पण दवाखान्यात असल्यामुळे औषधं वेळेवर मिळाली, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू होती, आणि पाचव्या दिवशी ती शांत झोपली. सोनोग्राफीत डॉक्टरांच्या हाताने सांगितलेलंच निघालं. यकृत खडबडीत, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी. दुर्बिणीने अन्ननलिका बघितली, शिरा फुगलेल्या होत्या, पण बारीक. फुटण्याआधी कळल्या. त्यांच्यासाठी गोळी सुरू झाली. पुण्याला जाऊन सुई घालायची गरजच उरली नाही.

आणि पथ्य! डॉक्टरांनी फिका भात आणि उसाचा रस बंद केला. "मीठ कमी, पण अंडी, डाळ, दूध पोटभर. हिला उपाशी मारलंय तुम्ही." सासूने ते इतकं मनावर घेतलं की वॉर्डातल्या नर्स तिला अंडीवाली आजी म्हणायला लागल्या.

दर महिन्याला लता रक्त द्यायला माझ्याकडे यायची. दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसायची नाही. पहिल्या महिन्यात कावीळ अर्ध्यावर आली. दुसऱ्यात पोटातलं पाणी ओसरलं. लाल पेशी हळूहळूच बदलल्या, जुन्या मरून नवीन यायला तेवढा वेळ लागतोच. पण चौथ्या महिन्यात आकडा आला तो कुठल्याही निरोगी बाईचा असावा तसा. मी तो साहेबांना दाखवला, सरनाईकांना फोनवर वाचून दाखवला, आणि दुपारी डबा खाताना परत एकदा काढून स्वतःच बघितला.

मध्ये एकदा पाय घसरला. बाळ गेल्याची तिथी आली होती. दोन दिवसांनी लता ठरलेली तारीख नसताना लॅबमध्ये आली. मी पट्टा उचलला तशी म्हणाली, "बाई, रगत काडायच्या आदी सांगते. परवा अर्दी क्वार्टर घेतली. उरलेली मोरीत वतली. सासूबाईस्नी सांगून आलोया, डाक्टरकडं बी निगालोया."

नऊ वर्षं लपवणारी बाई आपणहून सांगायला आली होती. मी रक्त काढलंच नाही. तिला घेऊन सरनाईकांकडे गेले. त्यांनी रागावायचं सोडून पहिल्यांदा तिच्याशी हात मिळवला. त्यानंतर आजतागायत थेंब नाही. सदाशिवचा रविवारही त्याच आठवड्यात बंद झाला.

बापूसोंचंही सांगते, नाहीतर ते मुरगूडहून भांडायला येतील. त्यांचं यकृत चरबीने भरलेलं निघालं, पण वेळेत सापडलं. चार महिन्यांनी छाती काढून आले, "काडा रगत!" रिपोर्ट खरंच सुधारला होता. मी म्हटलं, "पूर्ण सोडली वाटतं?"

"सोडली म्हंजे काय! फकस्त जत्रंला."

"जत्रा कधी झाली?"

"परवाच," ते म्हणाले, आणि त्यांची बायको जागची उठली.

लताच्या बाबतीत एकच आकडा रेंगाळत होता, अल्ब्युमिन. हे प्रथिन यकृत स्वतः बनवतं. ते वाढलं तर समजायचं की उरलेलं यकृत कामाला लागलंय. पहिल्या दिवशी दोन पूर्णांक सहा होतं. साडेतीनच्या वर पाहिजे. ते तीन झालं, तीन पूर्णांक दोन झालं आणि तिथेच अडलं. सदाशिवला एव्हाना सगळे आकडे तोंडपाठ. रिपोर्ट हातात घेतला की बाकी काही न बघता त्याचं बोट थेट त्या ओळीवर. सरनाईक म्हणायचे, धीर धरा. सासू म्हणायची, अंडी वाढवतो.

पुढच्या वर्षी एका सकाळी मी नळ्या लावत होते, बाकडी पेशंटांनी भरलेली. आदल्या दिवशी लताचं रक्त घेतलं होतं आणि रिपोर्ट खिडकीवर ठेवला होता. सदाशिव कामाच्या कपड्यात आला, खिडकीपाशी उभ्या उभ्या कागद उघडला, बोट त्या ओळीवर नेलं आणि तसाच बाहेर धावला. मला काही कळेना. दहा मिनिटांनी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आला. साहेबांना पेढा, मला पेढा, मग बाकड्यावर बसलेल्या एकेका अनोळखी माणसाच्या हातात पेढा. साखर तपासायला उपाशी आलेल्या एका आजोबांनाही त्याने सोडलं नाही.

आजोबा पेढा हातात धरून म्हणाले, "अरं, पर कशाचं पेडं?"

सदाशिवने रिपोर्ट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि अख्ख्या मंगळवार पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "बायकूचं अल्ब्युमिन चार झालं वो!"

त्या बाकड्यावर अल्ब्युमिन म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.